जुनीं खेळणीं : एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणीं, बखरी व दप्तरांतील कागद यांकडे संशोधकाची दृष्टि प्रथम वळते, व तें योग्यही आहे. परंतु ज्या वाड्यांत एखादी पोथी पिढ्यान् पिढ्या रुमालांत बांधून जपलेली आढळते, त्याच वाड्याच्या माळ्यावर लांकडी बाहुली अथवा पितळी भातुकली धूळ खात पडलेली असते. तिची विचारपूस कोणी करीत नाहीं. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकांत रोहसेनाच्या मातीच्या गाडींत घातलेले वसंतसेनेचे अलंकार पुढें न्यायसभेंत चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. पण नाटकास नांव मिळालें तें त्या गाडीचें. कवीनें जें ओळखलें तें संग्राहकांनींही ओळखावें, एवढेंच या लेखाचें प्रयोजन आहे.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांचीं खेळणीं उदाहरणादाखल घेऊं. पांगाऱ्यासारखें हलकें लांकूड कोरून वा कातून घ्यावयाचें व त्यावर रंग चढवावयाचा, ही त्यांची पद्धति. कातीव कामांत फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनें लाख मऊ होऊन पृष्ठभागावर बसते. ठकीच्या अंगावरील लुगड्याचा कांठ, तिचे दागिने व केशरचना यांत त्या काळच्या वेषभूषेची खूण राहून जाते. भातुकलींतील जातें, पाटा-वरवंटा, घंगाळ व चूल हीं मोठ्या वस्तूंच्या लहान प्रतीच होत. मोठीं भांडीं मोडींत गेलीं, त्यांचे आकार मात्र पुष्कळदां भातुकलींतच उरले आहेत.

अशा वस्तूंचा सर्वांत मोठा शत्रु वाळवी नव्हे, तर हौशी मालक होय, असें आमचें स्पष्ट मत आहे. रंग उडालेली बाहुली हातीं येतांच ती नव्यानें रंगविण्याचा मोह अनेकांस होतो. पोथीच्या लेखकाचा हात चुकला म्हणजे तो त्या अक्षरांवर हरताळ लावी. त्या हरताळावरून दुरुस्ती कोठें झाली हें आज कळतें. पुनः रंगविलेल्या खेळण्यांत मूळ पाठच नाहींसा होतो व दुरुस्तीची खूणही राहत नाहीं. बाहुलीचें झिजलेलें नाक आणि गाडीचा घासलेला आंस यांवरून तें खेळणें शोभेचें नसून खेळांतलें होतें, हें सिद्ध होतें. ती झीज हाच त्या वस्तूवरील लेख समजावा.

आतां जतनाविषयीं थोडें सांगतों. लाख मद्यार्कांत विरघळते व उष्णतेनें मऊ होते. यास्तव स्पिरिटनें पुसणें व उन्हांत वाळविणें हीं दोन्ही वर्ज्य. कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. त्यांतही रंगाचे पोपडे सुटले असतील तर हातही न लावतां जाणत्याकडे न्यावें. न भाजलेल्या मातीच्या चित्रांस पाण्याचा स्पर्श होऊं देऊं नये. लांकडाखालीं ताजा भुगा दिसला तर तें खेळणें त्वरित इतरांपासून दूर ठेवावें. त्यावर रॉकेल ओतूं नये. पितळी भातुकली चिंच व राखेनें घांसून लखलखीत करण्याची आपल्याकडे संवय आहे. परंतु भांड्यावर घातलेलें नांव त्या घांसण्यानें प्रत्येक वेळीं थोडें थोडें पुसट होत जातें. जुन्या रंगांत हरताळ, हिंगूळ व सफेता असण्याचा संभव असतो. त्यांत अनुक्रमें सोमल, पारा व शिसें यांचा अंश असल्यानें अशीं खेळणीं मुलांच्या हातीं देऊं नयेत व हाताळल्यावर हात धुवावे. हरताळाचा पिवळा रंग उजेडानें फिका पडतो. म्हणून पोथीप्रमाणें यांसही अंधार मानवतो.

परंतु वस्तु राहिली व तिची हकीकत गेली, तर अर्धेंच रक्षण झालें. पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते. तींत लेखकाचें नांव, शक व स्थळ सांपडण्याची आशा असते. खेळण्यास पुष्पिका नाहीं. तें कोणत्या गांवचें, कोणाच्या माहेराहून आलें, घरांत त्यास काय म्हणत, हें एखाद्या वृद्ध आजीसच ठाऊक असतें, व तिच्यामागें तें सांगणारें कोणी उरत नाहीं. यास्तव मिळेल ती माहिती त्याच दिवशीं लिहून घ्यावी. मापें व छायाचित्र घ्यावें. बाहुलीस गुंडाळलेली चिंधीही टाकूं नये. ही नोंद हीच त्या खेळण्याची पुष्पिका होय.

नित्याच्या वस्तूंनाही इतिहास असतो, हें कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं दिवे, अडकित्ते यांसारख्या वस्तु जमवून पुण्यांत दाखवून दिलें. त्यांच्या संग्रहालयास अकालीं निवर्तलेल्या त्यांच्या पुत्राचें, राजाचें, नांव आहे. सावंतवाडीस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं गंजिफा व लाखकाम यांच्या मंदावलेल्या कलेस राजवाड्यांत आश्रय दिला. कला जिवंत राहणें इष्टच. पण नव्या कामामुळें जुन्या वस्तूचें महत्त्व कमी होत नाहीं. तुलनेस मूळ प्रत लागतेच.

पोथ्यांच्या शोधार्थ आमचे वाचक गांवोगांव हिंडतात. दप्तर पाहून झाल्यावर त्यांनीं यजमानीणबाईंस माळ्यावरील पेटीविषयींही एक प्रश्न अवश्य विचारावा, अशी आमची विनंती आहे.