फिकट चेहऱ्याच्या पिशाचाचं कूळ

भयकथेत हल्ली एक तरुण हटकून भेटतो. देखणा, फिकट, मोजकंच बोलणारा. वय शंभरावर गेलं तरी दिसतो विशीतला. रक्ताशिवाय त्याला जगता येत नाही आणि रक्त प्यायल्याची टोचणीही जात नाही. 'ट्वायलाइट'मधला एडवर्ड कलन हा या घराण्याचा सर्वांत गाजलेला वारस. १९१८च्या फ्लूच्या साथीत मरता मरता तो पिशाच झाला आणि कायमचा सतरा वर्षांचा राहिला. असं पात्र युरोपातल्या जुन्या दंतकथांमधून वर आलं असणार, असं आपण धरून चालतो. पण त्या दंतकथा उघडून पाहाव्यात तर हा पोरगा तिथे कुठेच नाही.

तिथे आहे पेटर ब्लागोयेविच. सर्बियातल्या किसिल्येवो गावचा हा शेतकरी १७२५च्या सुमारास वारला. त्यानंतर आठवड्याभरात गावात नऊ माणसं दगावली. मरण्यापूर्वी प्रत्येकाने सांगितलं, की पेटर रात्री आला आणि अंगावर पडून गळा आवळू लागला. त्याच्या बायकोचीही तक्रार होती: नवरा घरी येऊन आपल्या वहाणा मागून गेला! गाव हट्टाला पेटलं, तेव्हा ऑस्ट्रियन अंमलदाराला थडगं उकरताना हजर राहावं लागलं. त्याने वर पाठवलेला अहवाल आजही वाचायला मिळतो. प्रेत ताजं, जुनी कातडी गळून खाली नवी, केस-नखं वाढलेली, तोंडात रक्त. गावकऱ्यांनी छातीत खुंटा ठोकला आणि प्रेत जाळून टाकलं. आता यातलं बहुतेक कुठलाही शवविच्छेदन करणारा डॉक्टर उलगडून सांगेल. आतल्या वायूने प्रेत फुगतं, रक्ताळ द्रव तोंडावाटे बाहेर येतो, कातडी आक्रसली की नखं वाढल्यासारखी भासतात. पुढे अशा उकराउकरीचं पेव फुटलं, तेव्हा सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला राजवैद्य व्हान स्विटेन याचं मत घेऊन १७५५ साली त्यावर बंदी आणली.

मुद्दा असा, की खेड्यातला मूळ व्हँपायर हा फुगलेला, लालबुंद, मातीने माखलेला शेजारी होता. त्याला खंत नव्हती, पूर्वायुष्यातलं प्रेम नव्हतं. वहाणा हव्या होत्या.

या शेतकऱ्याचा उमराव कसा झाला, याचं उत्तर जिनिव्हाच्या सरोवराकाठी आहे. १८१५च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ वातावरणात इतकी पसरली, की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. त्या १८१६च्या पावसाळी जूनमध्ये कोलोनी गावच्या व्हिला दिओदातीत लॉर्ड बायरन मुक्कामाला होता. बायकोपासून विभक्त होणं, कर्ज आणि नाही नाही त्या कुजबुजीमुळे त्याने इंग्लंड सोडलं होतं. वय अठ्ठावीस. शापित, एकलकोंडा, मनात काहीतरी भयंकर दडवून फिरणारा नायक त्यानेच घरोघरी पोचवला होता. 'द कॉर्सेअर' या काव्याच्या दहा हजार प्रती १८१४ साली पहिल्याच दिवशी खपल्या. स्वतः बायरनही आपल्या नायकांसारखा दिसण्याची काळजी घेई. एका पायाने तो लंगडत असे आणि अंगावर मांस चढू नये म्हणून व्हिनेगर घातलेल्या बटाट्यांवर दिवस काढी. फिकटपणा हा उपासाचा होता. लोकांना तो आत्म्याचा वाटला.

त्याच्याबरोबर खासगी डॉक्टर म्हणून जॉन पोलिडोरी होता. अवघा वीस वर्षांचा. एकोणिसाव्या वर्षी एडिंबरातून वैद्यकीची पदवी घेतलेला, आणि प्रबंधाचा विषय काय, तर झोपेत चालण्याचा विकार. बायरनच्या प्रकाशकाने, जॉन मरेने, या प्रवासाची रोजनिशी लिहिण्यासाठी त्याला ५०० पौंड कबूल केले होते. म्हणजे डॉक्टर बायरनचा, पहारेकरी प्रकाशकाचा. शिवाय त्याला स्वतःलाही लेखक व्हायचं होतं. नाटकं लिहून आणायचा आणि मंडळी हसायची. कविता सोडली तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त काय जमतं, असं त्याने एकदा बायरनला विचारलं. पिस्तुलाने कुलपाचं भोक टिपणं, ती समोरची नदी पोहून जाणं आणि तुला बडवून काढणं, अशा तीन गोष्टी बायरनने मोजून दाखवल्या.  हा किस्सा वाचताना हसू येतं, पण ज्याला ऐकून घ्यावं लागलं तो वीस वर्षांचा होता, हेही लक्षात राहतं.

शेजारी कवी शेली, अठरा वर्षांची मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर राहत होती. बाहेर पाऊस, आत जर्मन भुताच्या गोष्टींचं फ्रेंच भाषांतर. प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची, असं ठरलं. १८ जूनच्या रात्री बायरन कोलरिजची 'क्रिस्टाबेल' म्हणत असताना शेली किंचाळत बाहेर पळाला. मेरीकडे पाहता पाहता, स्तनाग्रांच्या जागी डोळे असलेल्या बाईची आठवण त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती. पोलिडोरीने त्याच्या तोंडावर पाणी मारलं, इथर दिलं आणि सगळा प्रकार रोजनिशीत टिपून ठेवला. मेरीने त्या उन्हाळ्यात 'फ्रँकेन्स्टाइन'ला हात घातला, हे सर्वांना माहीत असतं. बायरनने ऑगस्टस डार्वेल नावाच्या गूढ उमरावाची गोष्ट सुरू केली आणि काही पानांत कंटाळून टाकून दिली. टाकलेलं ते कथाबीज पोलिडोरीने उचललं आणि ओळखीतल्या एका काउंटेसच्या आग्रहाखातर दोन-तीन सकाळी बसून गोष्ट पुरी केली. सप्टेंबरात बायरनने त्याला नोकरीवरून काढलं.

या गोष्टीतल्या पिशाचाचं नाव लॉर्ड रुथवेन. ते नावही निरागस नाही. बायरनची सोडलेली प्रेयसी कॅरोलाइन लॅम्ब हिने त्याच वर्षी बायरनचे वाभाडे काढणारी कादंबरी छापली होती आणि त्यातल्या बायरनसदृश नायकाचं कुलनाम रुथवेन होतं. आपण कोणाबद्दल लिहितोय, याची वाचकाला शंका राहू नये अशी पोलिडोरीने व्यवस्था केली. रुथवेनचे डोळे करडे, निर्जीव, चेहरा रंगहीन, लंडनच्या बैठकींत त्याला बोलावण्यासाठी चढाओढ. ऑब्री नावाचा भाबडा, श्रीमंत, पोरका तरुण त्याच्या नादी लागून त्याच्याबरोबर प्रवासाला निघतो. ग्रीसमध्ये ऑब्रीची आवडती मुलगी गळा फोडलेल्या अवस्थेत सापडते. पुढे दरोडेखोरांची गोळी लागून मरताना रुथवेन त्याच्याकडून शपथ घेतो, की वर्ष आणि एक दिवस माझ्या मरणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ऑब्री लंडनला परततो तर रुथवेन समोर उभा, शपथेची आठवण कानात कुजबुजत. वेड लागायची पाळी येते तरी ऑब्रीचं तोंड उघडत नाही. त्याच्या सख्ख्या बहिणीचं रुथवेनशी लग्न लागतं आणि लोक मदतीला पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

इथे थांबून नीट पाहिलं पाहिजे. रुथवेनला कसलंही दुःख नाही. तो झुरत नाही, पस्तावत नाही, त्याला फक्त भूक आणि गंमत कळते. कुढतो, जळतो, रात्र रात्र जागतो तो ऑब्री. बायरनला पिशाच केलं पोलिडोरीने आणि मन मात्र स्वतःचं घातलं बळीत. माझं मत असं, की आजचा उदास व्हँपायर या दोघांच्या भेसळीतून झाला: रूप रुथवेनचं, जीव ऑब्रीचा.

ही भेसळ व्हायला प्रकाशकाची लबाडी कामी आली. १८१९च्या एप्रिलमध्ये 'न्यू मंथली मॅगझिन'ने 'द व्हँपायर' छापली ती बायरनच्या नावावर. बायरनने लगोलग इन्कार केला. आपल्याला व्हँपायर मुळात आवडतच नाहीत, असंही कळवलं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. टवाळी म्हणून लिहिलेली गोष्ट वाचकांनी कबुलीजबाब म्हणून वाचली आणि बायरनच्या नायकांची सगळी खिन्नता आपसूक रुथवेनच्या खात्यावर जमा झाली. १८२० साली पॅरिस आणि लंडनच्या रंगभूमीवर रुथवेन अवतरला. लंडनच्या प्रयोगात तो अदृश्य व्हावा म्हणून रंगमंचाला खास चोरदरवाजा केला होता आणि नाट्यव्यवसायात त्याचं नावच पुढे 'व्हँपायर ट्रॅप' पडलं.

पुढची वंशावळ भराभर सांगता येते. १८४५ ते ४७ दरम्यान स्वस्त अंकांतून आलेला व्हार्नी स्वतःलाच विटला आणि त्याने व्हेसुव्हियसमध्ये उडी टाकली. खंत प्रथम ठसठशीत दिसते ती इथे. १८९७चा ड्रॅक्युला या ओळीत बसत नाही. स्टोकरचा काउंट पांढऱ्या मिशांचा, उग्र वासाचा म्हातारा आहे आणि त्याला पश्चात्तापाशी घेणंदेणं नाही. १९६७ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या 'डार्क शॅडोज' मालिकेत बार्नाबस कॉलिन्स आला आणि प्रेक्षकांनी खलनायकालाच डोक्यावर घेतलं. १९७६ साली अ‍ॅन राइसच्या कादंबरीतल्या लुई या पिशाचाने आपली कैफियत स्वतःच्या तोंडाने सांगितली. राइसची मुलगी १९७२ मध्ये ल्युकेमियाने गेली, सहा वर्षांचीही झाली नव्हती. लुईबरोबर कादंबरीत कायमची लहान राहिलेली क्लॉडिया पाच वर्षांची आहे.

आपल्याकडे सोडमुंज होण्यापूर्वी मेलेल्या पोराचा मुंजा होतो. तरुण आहे, अतृप्तही आहे, पण पिंपळावर बसून तो खिन्नपणे चंद्राकडे बघतो, असं कोणी सांगितलं नाही. तो झपाटतो. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून 'लुचाई' बेतली, त्यातही भीती गाव गिळण्याची आहे, कोणाच्या उदास डोळ्यांची नाही. मराठी भुताला आत्मचरित्राची हौस कमीच. ते बरंच आहे म्हणा.

पोलिडोरीला या कथेचे ३० पौंड मिळाले. १८२१च्या ऑगस्टमध्ये तो लंडनला वडिलांच्या घरी मरण पावला, पंचविसाव्या वर्षी. जुगाराचं कर्ज होतं आणि विष घेतल्याचा संशय घरच्यांनाही होता. पंचांनी मात्र ईश्वरी इच्छेने आलेला मृत्यू, असा निवाडा दिला. त्याची रोजनिशी १९११ साली त्याच्या भाच्याने छापली, पण तोवर पोलिडोरीच्या बहिणीने तिची नक्कल करताना न शोभणारा मजकूर गाळून मूळ वही नष्ट केली होती. कथा मात्र जशीच्या तशी आहे, इंटरनेटवर फुकट मिळते आणि एका बैठकीत वाचून होते. वाचाल तेव्हा रुथवेनच्या मागे न लागता ऑब्रीवर नजर ठेवा.