उपास आणि उपासमार

सप्टेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. पुढचे चार महिने शहरात बाहेरून अन्न येणं जवळपास थांबलं. लोकांनी घोडे खाल्ले, मांजरं खाल्ली, उंदीर खाल्ले. प्राणिसंग्रहालयातले दोन हत्तीसुद्धा शेवटी खाटकाकडे गेले. याच शहरात अपोलिनेर बुशार्दा नावाचे एक डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करत होते. पाव मिळेनासा झाला, पोटं खपाटीला गेली, आणि त्यांच्या लक्षात आलं की काही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली आहे. युद्ध संपल्यावरही ते रुग्णांना हेच सांगत राहिले: जमेल तितकं कमी खा.

आज आपल्या फोनवर दर चौथ्या रीलमध्ये कुणीतरी ‘इंटरमिटंट फास्टिंग’ समजावून सांगत असतं. एक गट म्हणतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं. दुसरा म्हणतो, हे एकदम नवं विज्ञान आहे. मी स्वतः गेले आठ महिने दुपारी बारा ते रात्री आठ या वेळातच खाते. माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.२ आला होता. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. सकाळी अकराच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागले की मला एकच प्रश्न पडायचा: साखर कमी करण्यासाठी माणसं याआधी अशी उपाशी राहिली असतील, तर त्यांचं पुढे काय झालं? उत्तर शोधताना मी पोचले न्यूयॉर्कमध्ये, १९१४ साली.

तिथे रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात फ्रेडरिक ॲलन नावाचे डॉक्टर रुजू झाले. प्राण्यांच्या स्वादुपिंडाचा बराचसा भाग काढून त्यांनी अनेक प्रयोग केले होते. त्यातून त्यांचं मत पक्कं झालं की मधुमेहात फक्त साखर तोडून भागत नाही, एकूण आहारच शरीराला झेपेल इतका कमी करावा लागतो. म्हणून रुग्ण दाखल झाला की आधी कडक उपास, लघवीतली साखर जाईपर्यंत. मग थोड्या भाज्या, त्याही तीनदा उकळून पाणी फेकलेल्या, म्हणजे त्यातलं पिष्ट निघून जावं. मग अन्न हळूहळू वाढवायचं. लघवीत पुन्हा साखर दिसली की परत मागे यायचं. आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण लंघन. बोस्टनच्या इलियट जोस्लिन यांच्यासारख्या नामवंत डॉक्टरांनीही ही पद्धत उचलली.

प्रौढ, वजनदार रुग्णांना याचा चांगला फायदा व्हायचा. पण वॉर्डात मुलंही होती, आधीच हाडं दिसणारी. ॲलन यांच्या नोंदींत बारा वर्षांचा एक मुलगा आहे, मधुमेहाने दृष्टी गेलेला. त्याला खायला काही मिळू नये अशी कडेकोट व्यवस्था होती, तरी लघवीत साखर येतच होती. शेवटी उलगडा झाला की तो टूथपेस्ट आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणे खात होता. हे वाचल्यावर मी त्या दिवशी पुढे वाचू शकले नाही. आपल्या भाषेत उपास आणि उपासमार असे दोन वेगळे शब्द आहेत. उपास करणाऱ्याला तो सोडता येतो. त्या मुलाला तो सोडता येत नव्हता.

तरीही ॲलन यांना क्रूर म्हणून मोकळं होता येत नाही. त्या काळी लहान वयातला मधुमेह म्हणजे मृत्यूच. काही महिने, फार तर एक-दोन वर्षं. उपासमार मरण टाळत नव्हती, लांबवत होती. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेतल्या एका बड्या राजकारण्याची मुलगी. तिचे वडील पुढे परराष्ट्रमंत्री झाले. १९१९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तिला मधुमेह झाला आणि ती ॲलन यांच्याकडे आली. पुढची तीन वर्षं ती वजनकाट्यावर मोजलेलं अन्न खात जगली, अनेकदा दिवसाला हजार कॅलरींपेक्षाही कमी. दरम्यान जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. ऑगस्टमध्ये एलिझाबेथला तिथे फ्रेडरिक बँटिंग यांच्यासमोर नेलं, तेव्हा तिचा पंधरावा वाढदिवस तोंडावर होता आणि वजन होतं जेमतेम २० किलो. इन्सुलिन सुरू झालं आणि ती पोटभर जेवायला लागली. तिने लग्न केलं, तिला मुलं झाली, आणि ती १९८१ पर्यंत जगली. उपासमारीने तिला बरं केलं नाही. पण औषध येईपर्यंत तग धरायला लावला, हे खरं.

इथे एक गोष्ट लक्षात येते. बुशार्दांचे सुधारलेले रुग्ण आणि ॲलन यांच्या वॉर्डातली मुलं यांचा आजार एक नव्हताच. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी प्रयोगाने दाखवलं की काही रुग्णांवर इन्सुलिनचा लगेच परिणाम होतो आणि काहींचं शरीर त्याला दादच देत नाही. पुढे टाइप वन आणि टाइप टू म्हणून रूढ झालेल्या विभागणीचा पाया तिथे पडला. पहिल्यात शरीर इन्सुलिन बनवणंच जवळजवळ थांबवतं. तिथे उपास काय करणार? दुसऱ्यात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही, आणि त्यात यकृतात साठलेल्या चरबीचा मोठा हात असतो. ती चरबी उतरली तर फरक पडतो.

मला सगळ्यात नवल वाटलं ते सुश्रुतसंहितेचं. तिथे प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मजात आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. पहिल्यातला रोगी कृश, दुसऱ्यातला बहुधा स्थूल. आणि उपचारही वेगळे. स्थूल रोग्याला अपतर्पण, म्हणजे शरीर हलकं करणारे उपाय. कृश रोग्याला मात्र योग्य अन्नपान देऊन सांभाळायचं. म्हणजे सुश्रुताला टाइप वन आणि टाइप टू माहीत होते असं मी म्हणणार नाही. त्याला इन्सुलिन माहीत नव्हतं. पण समोरच्या माणसाकडे नीट बघून, कुणाला उपाशी ठेवायचं आणि कुणाला नाही, हा प्रश्न त्याने विचारला होता.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोचला तो डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. मूळ विचाराचं श्रेय ते डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. त्याआधी आपले उपास होतेच, पण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच नाही आली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा घातला की देव प्रसन्न होत असेल, ग्लुकोमीटर होत नाही.

मग उपासाने साखर खरंच उतरते का? टाइप टूसाठी चांगला पुरावा ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासातून आला. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. घड्याळाची जादू मात्र तितकी नाही. चीनमधल्या ग्वांगजौ इथे १३९ स्थूल माणसांवर वर्षभर अभ्यास झाला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या, पण निम्म्यांनी फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात खाल्लं. त्यांचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, बाकीच्यांचं ६.३ किलो. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक ठोस ठरला नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर वेळ ठरलेली असल्यामुळे रात्रीचं अरबट-चरबट बंद झालं. पाच किलो वजन उतरलं, एचबीए१सी ५.८ वर आलं. यात घड्याळाचं श्रेय इतकंच की त्याने माझ्या हाताला आळा घातला.

पण माझी मावशी. तिला बारा वर्षं टाइप टू आहे, आणि साखर खाली आणणारी गोळी ती रोज सकाळी न चुकता घेते. गेल्या संकष्टीलाही घेतली, आणि दिवसभर दोन कप चहावर राहिली. चंद्रोदय रात्री नऊनंतरचा. संध्याकाळी सहाला तिला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, ती मला माझ्या आईच्या नावाने हाका मारायला लागली. साखर ४८ होती. पाण्यात चार चमचे साखर घालून पाजली, तेव्हा पंधरा मिनिटांनी ती भानावर आली. गोळीला संकष्टी कळत नाही. पोटात अन्न असो-नसो, ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतच राहते.

म्हणून माझ्या वयाच्या कुणी विचारलं की ‘करू का सुरू?’, तर मी आधी उलट विचारते: मधुमेह कुठला आहे आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत? इन्सुलिन किंवा तशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक जेवणही चुकवायचं नाही. वजन मुळातच कमी असेल, पोटात बाळ असेल, खाण्याशी आधीच भांडण असेल, तर हा रस्ता आपला नाही.

मावशीने संकष्टी सोडलेली नाही. डॉक्टरांनी त्या दिवशीची सकाळची गोळी बंद केली आहे, आणि दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा वाजता बोटातून रक्त काढून साखर बघायला सांगितलं आहे. आकडा ७० च्या खाली गेला की उपास तिथेच सोडायचा, चंद्र उगवलेला असो वा नसो.