सांबार, संभाजीराजे आणि तंजावरचा एक विकांत

कँटीनमध्ये इडली-सांबार समोर आलं की माझी एक टेप ठरलेली असायची. "माहितेय का, सांबार मुळात मराठी!" मग पुढची गोष्ट. तंजावरला शहाजीराजांच्या (म्हणजे व्यंकोजींचा मुलगा, आपले थोरले नव्हेत) दरबारात संभाजीराजे पाहुणे आले, आमटीत घालायला आमसुलं संपली होती, कुणीतरी चिंच सुचवली, पाहुण्यांना आवडली, आणि पदार्थाचं नाव पडलं सांबार. चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाला असलं काहीतरी लागतंच हो. दिवसभर "तमिळ तेरियुमा" ऐकून घ्यायचं, त्यावर हा उतारा.

एकदा टीममधल्या एकाने ही टेप शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "आमच्या घरी मराठीच बोलतात. तंजावरचे आम्ही. पण ही गोष्ट कुठे लिहिलेली आहे, ते दाखव." मराठीतून! लिहायला मात्र त्याला तमिळच येते. मी गप्प. मग म्हटलं, चला, एक विकांत तंजावरला काढू. खादाडीही होईल आणि पुरावाही मिळेल.

शुक्रवारी रात्री एग्मोरहून गाडी, शनिवारी सकाळी तंजावर. स्टेशनजवळच्या एका साध्या मेसमध्ये पोंगल, वडा आणि डबऱ्यातली कॉफी. सांबारही होतंच. भुरके मारत मोबाईलवर तारखा लावायला घेतल्या, सवयच ती.

व्यंकोजीराजांनी (तिकडे एकोजी) 1675च्या सुमारास तंजावर घेतलं. शहाजी गादीवर आले 1684 साली, तेव्हा वय जेमतेम बारा. संभाजीराजांची हत्या 1689ची. म्हणजे पाहुणचाराला मिळतात पाच वर्षं, आणि त्याच काळात औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसलेला. 1686ला विजापूर पडलं, 1687ला गोवळकोंडा. अशा वेळी राजे तंजावरला जेवायला गेल्याचा समकालीन कागद कुणी पुढे ठेवलेला नाही. शब्दाचं म्हणाल तर संस्कृतात 'संभार' म्हणजे सामग्री, आणि आपल्या नागपूरकडे सांबार म्हणजे चक्क कोथिंबीर. तिथे कुठला राजा आणायचा?

थोडक्यात, माझी टेप पहिल्याच टेस्ट केसला फेल. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

मग बृहदीश्वराच्या देवळात गेलो. राजराज चोळाने 1010 साली पूर्ण केलेलं ते शिखर बघून मान दुखते. पण मला जास्त वेळ खिळवून ठेवलं आवारातल्या भिंतीवरच्या अक्षरांनी. देवनागरी! मराठी! सरफोजी (दुसरे) यांनी 1803 साली भोसल्यांच्या कुळाचा इतिहास इथे कोरून घेतला. आजूबाजूला तमिळ शिलालेख, आणि मध्येच आपली ओळखीची अक्षरं. भाषा जुनी, तरी एकेक शब्द लावत गेलो. बाजूने जाणारी एक आजी थांबून माझ्याकडे बघून गेली. भिंत वाचणारा वेडा, असंच वाटलं असणार.

दुपारी राजवाडा आणि सरस्वती महाल. हे ग्रंथालय मुळात नायक राजांच्या काळापासूनचं, मराठ्यांनी वाढवलं, आणि सरफोजींनी तर जन्मभर पुस्तकं जमवली. खरं तर 1799च्या तहानंतर त्यांच्या हातात सत्ता अशी उरलीच नव्हती. कारभार कंपनीकडे (आपली नव्हे, ईस्ट इंडिया), राजाकडे किल्ला आणि मानपान. अशा वेळी माणूस काय करतो? यांनी छापखाना काढला. इसापनीतीचं मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' तंजावरात 1806 साली छापून झालं. पुण्यात पेशवाई संपायला अजून बारा वर्षं होती! डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या. आणि हो, सरफोजींच्या मुदपाकखान्याचं 'सरभेंद्र पाकशास्त्र' इथल्याच संग्रहात आहे. 1855 साली शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि संस्थान खालसा झालं. पुस्तकं राहिली. 1918पासून ग्रंथालय सर्वांसाठी खुलं आहे.

संग्रहालयाच्या भागात काचेआड कागद मांडलेत. मोडीतले कागद दिसले आणि मी थबकलो. एक अक्षर लागेना. सी प्लस प्लस, जावा, पायथन येतं; खापरपणजोबा ज्या लिपीत लिहायचे ती येत नाही. गावी आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे असेच कागद आहेत. आजोबा ते वाचून दाखवायचे, आणि मला तेव्हा क्रिकेट खेळायला जायचं असायचं. आता आजोबा नाहीत. तंजावरच्या मोडी कागदांचे ढीग आणि आमची ट्रंक, दोन्हींचं दुखणं एकच: जपलंय सगळं, वाचणारे संपत चाललेत.

मित्राला पुरावा मागायचा हक्क का होता, ते तिथे कळलं. तीनशे वर्षं घरात मराठी टिकवली त्यांनी. मी काय केलं? एक फॉरवर्ड पाठ केला.

रविवारी मित्राच्या आईने फोनवरून बजावलं होतं तसं त्यांच्या तंजावरच्या नातेवाईकांकडे जेवलो. पानात डांगर पचडी. उडदाचं भाजलेलं पीठ, दही, वरून फोडणी. अहो, हे तर आमच्या आजीचं डांगर! शेजारी पुरणाची पोळी, जी तमिळनाडूत 'बोळी' म्हणून मिठाईच्या दुकानातही मिळते. राजा नाही, पाहुणा नाही, गोष्ट नाही. कुणीतरी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या रांधत आणलेलं. काकू म्हणाल्या, "आणखी घ्या हो, लाजूं नका." दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदाही.

असो. तंजावरला गेलात तर देवळात सकाळी लवकर जा, दगड तापायच्या आत. राजवाड्याला अर्धा दिवस द्या. परतताना 'बॉम्बे स्वीट्स'मधली चंद्रकला घ्या, खव्याचं सारण भरलेली, पाकात मुरलेली, आपल्या करंजीची श्रीमंत बहीण.

मी एक खोका घेतला, सोमवारी मित्राच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "सांबाराचा कागद नाही मिळाला." तो हसला. दिवाळीत गावी गेलो की ट्रंक उघडणार आहे. मोडीची उजळणीची वही घेतलीय, सध्या 'क' वर अडकलोय.