माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण आणि विषयज्ञानाचा निकष : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
माध्यमिक शिक्षकाला आपला विषय किती यावा, हा प्रश्न शिक्षक प्रशिक्षणाच्या मुळाशी आहे. भारतात त्याचे उत्तर बहुतांशी पदवीवर सोपविण्यात आले. पदवी म्हणजे विषयज्ञान आणि बी.एड. म्हणजे अध्यापनकौशल्य, ही विभागणी कशी रूढ झाली व तिच्यातील उणीव दूर करण्याचे कोणते प्रयत्न झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विभागणीचा उगम :
१८८२ च्या हंटर आयोगाने अध्यापनाची तत्त्वे व प्रत्यक्ष अध्यापन यांची परीक्षा घ्यावी आणि ती उत्तीर्ण होणाऱ्यासच माध्यमिक शाळेत कायम नेमणूक द्यावी, अशी शिफारस केली. पदवीधरांचा प्रशिक्षणकाळ इतरांहून कमी असावा, असेही सुचविले. पदवीधराला विषय येतोच, हे यामागील गृहीत होते. १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने पदवीधरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरस्कारिला. १९०६ मध्ये मुंबईत माध्यमिक शिक्षकांचे प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. शिक्षणाची तत्त्वे, मानसशास्त्र, अध्यापन पद्धती व सराव पाठ एका वर्षात बसविताना विषयाच्या पुनरभ्यासास फारशी जागा उरली नाही.

गृहीताची मर्यादा :
पदवीचा विषय आणि शाळेतील विषय एकच नसतात. रसायनशास्त्राच्या पदवीधराला विज्ञान शिक्षक म्हणून प्रकाशाचे परावर्तन व पेशीविभाजनही शिकवावे लागते. इतिहासाच्या पदवीधराकडे भूगोलाच्या तासिका येतात. पदवी प्रमाणपत्र या अपुरेपणाविषयी काही सांगत नाही.

सुधारणेचे प्रयत्न :
१९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन झाली. त्यांच्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात आशय व पद्धती यांचा अभ्यास बरोबरीने होई. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) विद्यापीठीय विभागांच्या सहकार्याने विषयाशयाचे अभ्यासक्रम प्रशिक्षणात घ्यावेत, असे सुचविले. पुढे महाराष्ट्रातील बी.एड. अभ्यासक्रमांत 'आशययुक्त अध्यापन पद्धती' रूढ झाली. ही कल्पना मोलाची होती. परंतु छात्राध्यापकाचे स्वतःचे आकलन तपासण्याऐवजी पाठ्यपुस्तकातील घटकांचे विश्लेषण लिहून काढण्यापुरती ती सीमित होण्याचा धोका राहिला.

अलीकडील स्थिती :
२०१० च्या अधिसूचनेने शिक्षक पात्रता परीक्षा आणली, ती इयत्ता पहिली ते आठवीसाठी. नववी-दहावी तिच्या कक्षेबाहेर राहिली. २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले, तरी प्रवेशाच्या पात्रतेसाठी पदवीच्या गुणांचाच आधार राहिला. महाराष्ट्रात २०१७ पासून शिक्षकभरतीसाठी घेतल्या गेलेल्या २०० गुणांच्या चाचणीत १२० गुण अभियोग्यतेला व ८० गुण बुद्धिमत्तेला होते. विषयज्ञानाला स्वतंत्र गुण नव्हते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पात्रता परीक्षा सर्व स्तरांवर नेण्याची आणि चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची शिफारस केली. म्हणजे १९६३ चा विचार पुन्हा मध्यवर्ती झाला.

निष्कर्ष :
गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत प्रशिक्षणाचा कालावधी वाढला, पद्धती बदलल्या. विषयज्ञानाचा निकष मात्र बहुधा गृहीतच राहिला. याची किंमत विद्यार्थी मोजतो. विशेषतः ज्या लहान शाळेत विज्ञानाचा एकच शिक्षक असतो, तेथे त्याची चुकीची संकल्पना सुधारणारा दुसरा कोणी नसतो. म्हणून शालेय अभ्यासक्रमाच्या आधारे निकष ठरविणे, प्रवेशाच्या वेळी उणीव शोधणे व प्रशिक्षणकाळात ती भरून काढणे, ही जबाबदारी अध्यापक महाविद्यालयांनी स्वीकारणे अगत्याचे आहे.