प्रिंट सर्व्हर, घरगुती

प्रिंट सर्व्हर : संगणकांचे जाळे आणि प्रिंटर यांच्यामध्ये राहून निरनिराळ्या यंत्रांकडून येणारी छपाईची कामे स्वीकारणारे व ती प्रिंटरला पुरवणारे उपकरण किंवा आज्ञावली. केवळ यूएसबी जोडणी असलेला प्रिंटर एका वेळी एकाच संगणकाला जोडता येतो. प्रिंट सर्व्हर बसवला की तोच प्रिंटर घरातल्या सगळ्या संगणकांना आणि योग्य सोय असल्यास फोननाही वापरता येतो. घरगुती वापरात त्याचे चार प्रकार आढळतात : सतत चालू ठेवलेल्या संगणकावरून केलेले शेअरिंग, राउटरचे यूएसबी पोर्ट, प्रिंट सर्व्हरची स्वतंत्र डबी आणि रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक. यांतला कोणता प्रकार उपयोगी पडेल, हे मुख्यतः प्रिंटरच्या जातीवर ठरते.

इतिहास : जाळ्यावरून छपाई यूएसबीपेक्षा जुनी आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकातच ऑल्टो संगणक ईथरनेटवरून लेसर प्रिंटर चालवत होते. बर्कली युनिक्समधील एलपीडी या छपाई-पद्धतीचे वर्णन आरएफसी ११७९ या दस्तऐवजात १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. ती पोर्ट ५१५ वापरते. १९९१ मध्ये एचपीने जेटडायरेक्ट कार्डे बाजारात आणली. त्यांच्यामुळे पोर्ट ९१०० वरून माहिती जशीच्या तशी प्रिंटरकडे सोडण्याची ‘रॉ’ पद्धत रूढ झाली. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल (आयपीपी) १९९९ मध्ये आला. त्याचे पोर्ट ६३१. त्याच वर्षी मायकेल स्वीट यांची कप्स ही छपाई-प्रणाली प्रसिद्ध झाली. ॲपलने ती २००२ पासून आपल्या मॅक संगणकांत वापरली आणि लिनक्सवरही तीच सर्वत्र चालते.

यूएसबीचे पहिले मानक १९९६ चे. ते घडवणाऱ्यांतले इंटेलचे अभियंते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. यूएसबीने प्रिंटरची जुनी जाड पॅरलल केबल हद्दपार केली, पण यूएसबीची रचना एका संगणकाभोवती उपकरणे जोडण्याची आहे. दोन संगणकांनी एक उपकरण वाटून घेण्याची सोय त्या मानकात नाही. घरात लॅपटॉप आणि फोन वाढले तशी ही अडचण जाणवू लागली. भारतीय बाजारात यासाठी डी-लिंकची डीपी-३०१यू, टीपी-लिंकची टीएल-पीएस११०यू अशा एका यूएसबी पोर्टच्या डब्या आल्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बंगळुरूचा एस. पी. रोड ही अशा सामानाची जुनी ठिकाणे.

प्रिंटरच्या जाती : पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषा जाणणारा प्रिंटर ते वर्णन स्वतः वाचतो आणि ठिपके स्वतः आखतो. त्याला कोणताही सर्व्हर चालतो. स्वस्त घरगुती प्रिंटर बहुधा ‘होस्ट-बेस्ड’ असतात. त्यांत पान आखण्याचे काम संगणकातला ड्रायव्हर करतो आणि प्रिंटरकडे तयार ठिपके पाठवतो. ए४ आकाराचे काळे-पांढरे पान दर इंची ६०० ठिपक्यांनी आखले, तर सुमारे ४९६० × ७०१६ ठिपके होतात. म्हणजे न आकसता ४.३५ मेगाबाइट. १०० मेगाबिटच्या ईथरनेटवरून इतकी माहिती अर्ध्या सेकंदाच्या आत जाऊ शकते. तेव्हा जाळ्याचा वेग हा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो प्रिंटर आणि ड्रायव्हर यांच्यात चालणाऱ्या खासगी संभाषणाचा.

भारतात फार खपलेले दोन प्रिंटर याची चांगली उदाहरणे आहेत. एचपी लेसरजेट १०२० मध्ये त्याची अंतर्गत आज्ञावली कायमची साठवलेली नसते. बटण दाबून तो सुरू केला की दर वेळी संगणकाने ती यूएसबीवरून भरावी लागते. साध्या डबीला हे ठाऊक नसते. त्यामुळे प्रिंटरचा दिवा लागतो, काम गेल्याचे संगणक सांगतो, पण कागद हलत नाही. कॅनन एलबीपी २९०० कॅप्ट ही कंपनीची स्वतःची पद्धत वापरतो आणि कामाच्या दरम्यान संगणकाकडून उत्तरे मागतो. एकतर्फी रॉ पद्धतीवर हे जमत नाही. असे प्रिंटर ज्यावर त्यांचा ड्रायव्हर बसतो अशा संगणकालाच जोडावे लागतात. लेसरजेट १०२० साठी लिनक्सवर फू२झेडजेएस आणि एचपीएलआयपी हे मार्ग आहेत. प्रिंटर सुरू होताच आज्ञावली भरण्याचे काम ते आपोआप करू शकतात. कॅप्टचा कंपनीने दिलेला लिनक्स ड्रायव्हर इंटेल-जातीच्या प्रोसेसरसाठी असल्याने रास्पबेरी पायच्या एआरएम प्रोसेसरवर तो चालत नाही. तिथे जुना डेस्कटॉपच कामाला लावणे सोयीचे.

प्रकारांची तुलना : विंडोजमधील शेअरिंगला खर्च नाही, पण तो संगणक झोपला की सगळ्यांची छपाई थांबते. राउटरच्या यूएसबी पोर्टची तऱ्हा उत्पादकागणिक वेगळी असते. काही राउटर यूएसबीचा संवादच जाळ्यावरून नेतात. त्यासाठी प्रत्येक संगणकावर वेगळी आज्ञावली लागते, एका वेळी एकच संगणक प्रिंटर ताब्यात घेऊ शकतो आणि फोन वगळले जातात. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली बसवलेल्या राउटरवर पी९१०एनडी ही चिमुकली आज्ञावली पोर्ट ९१०० उघडते. ती कामे साठवत नाही; म्हणून पान छापून होईपर्यंत पाठवणारा संगणक जागा हवा. स्वतंत्र डबी कमी विजेवर चालते, मात्र होस्ट-बेस्ड प्रिंटरपुढे अडते. कप्स चालवणारा छोटा संगणक कामे साठवतो, रांग लावतो, ड्रायव्हर सांभाळतो आणि हाच प्रिंटर आयपीपीने फोनलाही दाखवू शकतो. बहुकार्यी यंत्रातला स्कॅनर यांपैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असतो. लिनक्सवर त्यासाठी सेन ही वेगळी प्रणाली बसवावी लागते.

जागा व जोडणी : घराची बांधणी इथे महत्त्वाची ठरते. बंगळुरूत ‘तीस बाय चाळीस’ म्हणजे ३० × ४० फुटांची साइट हे घराचे रूढ माप. अशा साइटवर दोन-तीन मजले चढवले की राउटर तळमजल्याच्या हॉलमध्ये आणि प्रिंटर वरच्या अभ्यासाच्या खोलीत अशी वाटणी होते. यूएसबी २.० ची केबल मानकाप्रमाणे ५ मीटरपर्यंतच चालते. जिन्यातून वर नेईपर्यंत ती संपते. ईथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत जाते. म्हणून प्रिंट सर्व्हर प्रिंटरच्या शेजारी ठेवून राउटरपर्यंत ईथरनेट ओढावे. सिमेंटच्या स्लॅबमधून वाय-फाय क्षीण होते. बिनतारी सर्व्हर वापरायचाच तर ५ पेक्षा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा स्लॅब अधिक चांगला भेदतो.

जोडणी झाल्यावर पहिले काम म्हणजे सर्व्हरचा आयपी पत्ता कायम करणे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर उपकरणाचा मॅक पत्ता निवडून त्याच्या नावे एक पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, राखून ठेवावा. विंडोजमध्ये मग टीसीपी/आयपी पोर्ट निवडून हा पत्ता द्यावा आणि रॉ पद्धतीसाठी ९१०० हा क्रमांक भरावा. एलपीआर (म्हणजे एलपीडीची) पद्धत निवडल्यास रांगेचे नाव उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत असेल तसेच लिहावे. आयफोन आणि मॅक एअरप्रिंटने, तर अँड्रॉइड फोन मोप्रियाच्या पद्धतीने प्रिंटर शोधतात. कप्ससोबत अव्हाही ही आज्ञावली चालू असली की प्रिंटर यादीत आपोआप दिसतो.

देवनागरी छपाई : जुने डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर केवळ स्वतःच्या अंगची रोमन अक्षरे जाणत. भारतीय लिपींसाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान होते आणि मजकूर चित्राच्या रूपात छापला जाई. आज मराठी किंवा कन्नड पान संगणकावरच ठिपक्यांत बदलते किंवा पीडीएफमध्ये फॉन्टसह बांधले जाते. सर्व्हरला लिपी कळण्याची गरज उरत नाही. अपवाद एकच : साधी टेक्स्ट फाइल थेट कप्सकडे पाठवली, तर तिची मांडणी सर्व्हरवर होते आणि तिथे देवनागरी फॉन्ट नसल्यास कागदावर रिकामे चौकोन उमटतात. अशी फाइल आधी पीडीएफ करावी.

नेहमीचे बिघाड : वीज जाऊन आली की राउटर पत्ते नव्याने वाटतो. पत्ता राखलेला नसेल तर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागतो. पत्ता बरोबर असूनही विंडोज तसे म्हणत असेल, तर पोर्टच्या सेटिंगमधील एसएनएमपीची खूण काढून पाहावी. विंडोज या पद्धतीने प्रिंटरची स्थिती विचारते; अनेक डब्या त्या चौकशीला उत्तर देत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला दिलेल्या गेस्ट वाय-फायवरून प्रिंटर दिसत नाही, कारण ते जाळे मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. लेसर प्रिंटरचा तापक शेकडो वॅट ओढतो. म्हणून राउटर आणि सर्व्हर इन्व्हर्टरवर ठेवावेत, पण प्रिंटर लहान यूपीएसवर ठेवू नये.

सुरक्षितता : प्रिंट सर्व्हरची ९१०० व ६३१ ही पोर्टे इंटरनेटकडे उघडू नयेत आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. विंडोजच्या छपाई-सेवेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी २०२१ मध्ये, तर कप्सच्या जोड-आज्ञावलींतील गंभीर त्रुटी सप्टेंबर २०२४ मध्ये उजेडात आल्या. घरचा सर्व्हर वेळोवेळी अद्ययावत करणे म्हणूनच आवश्यक.

सद्यस्थिती : नवे घरगुती प्रिंटर बहुधा वाय-फायसह येतात, त्यामुळे स्वतंत्र डब्यांची गरज कमी झाली. गूगल क्लाउड प्रिंट ही सेवा २०२० च्या अखेरीस बंद पडली आणि इंटरनेटमार्गे जुने प्रिंटर वापरण्याची एक सोपी वाट संपली. संगणकावर वेगळा ड्रायव्हर न बसवता आयपीपीनेच छापायचे, हा आता मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि लिनक्स या तिघांचा कल आहे. विंडोज अपडेटमधून प्रिंटर-उत्पादकांचे ड्रायव्हर देणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याची घोषणा मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये केली. त्यामुळे केवळ यूएसबी असलेल्या जुन्या, पण धडधाकट प्रिंटरसाठी सर्व्हरचे काम बदलते आहे : जुना ड्रायव्हर स्वतःकडे ठेवायचा आणि घरातल्या इतर यंत्रांना तो प्रिंटर आयपीपीचा म्हणून दाखवायचा. ज्याचा ड्रायव्हर सर्व्हरवर बसतो तो प्रिंटर असा आणखी काही वर्षे वापरता येतो. ज्याचा बसत नाही, त्यासाठी डबी विकत घेणे व्यर्थ.