एका थेंबाचे नाव

दिवाळीच्या सुटीआधीचे दिवस होते आणि शाळेत आकाशकंदिलांची गडबड चालली होती. आमच्या लहानपणी या कामाला गव्हाच्या पिठाची खळ लागे. आई ती शिजवून वाटीत काढून देई आणि कंदील पुरा होईपर्यंत निम्मी खळ आमच्याच कोपरांना लागलेली असे. आता खळ कोण शिजवतो? माझ्या वर्गातल्या एका मुलीने कामट्यांच्या सांध्यावर इवल्याशा नळीतून एक थेंब सोडला, मनात काही आकडे मोजले, आणि सांधा पक्का झाला. मग मान वर करून तिने मला पेचात पकडले, "सर, फेव्हिक्विकला मराठीत काय म्हणतात?"

"फेव्हिक्विकच म्हणतात," मी म्हणालो. वर्ग हसला. पण मी थट्टा केली नव्हती. उमरेडच्या बाजारात हे नाव घेऊन कोणत्याही दुकानात जा. दुकानदार हाताला येईल त्या कंपनीची नळी पुढे करील. नळीवर मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत पदार्थाचे खरे नाव छापलेले असते: सायनोॲक्रिलेट. ते वाचण्याच्या फंदात कोणी पडत नाही. मीही, खरे सांगायचे तर, एका प्रसंगापर्यंत पडलो नव्हतो.

आमच्या शेजारच्या लहानग्याने ही नळी दातांनी उघडली आणि त्याच हाताने डोळा चोळला. बोट पापणीला चिकटले. घरात रडारड झाली. एक जण ब्लेड आणायला धावला, दुसरा बोट ओढून काढा म्हणू लागला. सुदैवाने त्या पोराच्या आजीने कोणाला हात लावू दिला नाही. आम्ही त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "काय लागले?" आम्ही दुकानातले नाव सांगितले. त्यांनी नळी मागून घेतली, ती बारीक अक्षरे वाचली आणि कागदावर तोच लांबलचक शब्द लिहिला. कोमट पाणी, ओली पट्टी आणि सबुरी यांवर काम भागले, डोळा वाचला. त्या रात्री मी नळी चष्म्याजवळ धरून बसलो.

रसायनशास्त्र माझा विषय नव्हे, पण शब्दांचा नाद जुना आहे. 'सायनो' हे ग्रीक भाषेतल्या गडद निळ्या रंगाच्या नावावरून आले. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये एक सुंदर निळा रंग सापडला. पुढे त्यातून एक जहाल आम्ल निघाले, आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ साली त्या कुळातल्या एका वायूला निळ्याची आठवण ठेवून नाव दिले. कर्ब आणि नत्र यांच्या त्या जोडगोळीचे नाव तेव्हापासून सायनो. सायनाइडचे विष याच घराण्यातले. पण नळीतल्या पदार्थात ही जोडी मोठ्या रेणूत बांधलेली असते, म्हणून नावाने दचकायचे कारण नाही. 'ॲक्रिलेट'चे मूळ तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. चकल्या तळताना कढईतले तेल जास्त तापले की नाकाला झोंबणारा धूर निघतो ना, त्यातल्या एका द्रव्याला लॅटिनमधल्या 'तिखट'वरून ॲक्रोलीन म्हणतात. ॲक्रिलिक कुळाचे नाव त्यावरून पडले. म्हणजे नाव निळाईचे आणि करपल्या तेलाचे, आणि वस्तू पाहावी तर पाण्यासारखी नितळ!

हा पदार्थ कोणी मुद्दाम शोधलाही नाही. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ जिथे लागेल तिथे चिकटे, म्हणून त्यांनी तो वैतागून बाजूला सारला. १९५१ साली टेनेसीत जेट विमानांच्या काचेसारख्या छताचे काम चालले असता त्यांचे सहकारी फ्रेड जॉइनर यांनी तोच पदार्थ एका महागड्या यंत्राच्या दोन लोलकांमध्ये ठेवला. लोलक सुटेनात. यंत्र गेले, पण नऊ वर्षे अडगळीत पडलेल्या दोषाचा गुण झाला. १९५८ मध्ये तो बाजारात आला. व्हिएतनामच्या युद्धात त्याचा फवारा मारून जखमी शिपायांचे रक्त थांबवले गेले, आणि १९९८ साली त्याच कुळातल्या एका खास जातीला अमेरिकेत कातडी सांधण्यासाठी परवानगी मिळाली. ती जात वेगळी. किराणा दुकानातली नळी जखमेवर पिळू नये. कापसावर तर मुळीच नको. सुती कापडावर थेंब पडला की तो झपाट्याने तापतो, धूर निघतो, चटका बसतो. ज्या गावाचे नाव रेशीमकाठी धोतरांमुळे झाले, जिथे कोष्ट्यांच्या घरी ताणा पांजायला खळ लागे, त्या गावात एवढे माहीत असावे.

याचे चिकटणेही न्यारे. सरस थंड होऊन आणि डिंक वाळून धरतो. हा मात्र ओल्याने धरतो. हवेतली, बोटावरची अदृश्य ओल मिळाली की याचे सुटे रेणू एकमेकांचे हात धरून साखळी करतात. म्हणून आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या रखरखाटापेक्षा श्रावणात तो लवकर धरतो.

तर मग मराठीत काय म्हणावे? परिभाषाकोशांत चिकटवणाऱ्या पदार्थाला 'आसंजक' हा शब्द आहे. शब्द शुद्ध आहे, पण बोलीत रुळला नाही. १९५६ पर्यंत नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्या काळात डॉ. रघुवीर तिथे बसून संस्कृत धातूंपासून हजारो शब्द घडवीत होते. ऑक्सिजन म्हणजे जारक, नायट्रोजन म्हणजे भूयाति. लोक हसले. मला हसू येत नाही. एका माणसाने एवढे कष्ट उपसले, हीच मोठी गोष्ट. पण जारक विसरला गेला आणि 'प्राणवायू' खेड्यातल्या आजीच्या तोंडीही राहिला, याला व्याकरण काय करणार?

मला आवडतो तो शब्द दीड हजार वर्षांचा आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वज्रलेपाची कृतीच दिली आहे. कच्ची टेंभरे, कच्ची कवठे, सावरीची फुले, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड एकत्र उकळून पाणी आठवा हिस्सा उरवायचे. मग त्यात गुग्गुळ, बिबा, राळ, जवस, बेल वगैरे घालून तो लेप देवळांना, मूर्तींना, विहिरींना गरमागरम लावायचा. यादी वाचली आणि मी चकित झालो. टेंभरे आणि बिबे आमच्या रानातले, जवस आमच्या शेतातला! पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीला २०२० साली लेप दिला गेला, तो आजच्या रसायनांचा. नाव तेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर 'वज्रलेप' असे ठळक लिहिले. मुलीने वहीत उतरवून घेतले, आणि संध्याकाळी दुकानात जाऊन मागूनही पाहिला. दुकानदाराने दोनदा विचारले, मग ती कामट्या आणि सांधा हातांनी दाखवू लागली.

"असं होय, फेव्हिक्विक!" तो म्हणाला, आणि नळी पुढे केली.