ओंडका उचलायचा कुणी?

आमच्या गावात खाडीच्या कडेला एक सॉ मिल होती. गावातली माणसं तिला ‘लाकडाची गिरण’ म्हणत, भाताची गिरण वेगळी म्हणून. ऐन, किंजळ, फणस, रायवळ आंबा आणि क्वचित साग असा माल तिथं यायचा. घराचे वासे, दारांच्या चौकटी निघायच्या, पण गिरणीचा खरा धंदा हापूसच्या पेट्यांचा. मोहोर दिसायला लागला की पेट्यांच्या फळ्यांसाठी दिवसरात्र करवत चालायची. शेजारच्या वाड्यांतली पोरं ती बघायला येत. लोखंडी चाकांवरून फिरणारा तो पट्टा, उडणारा भुसा, ओल्या लाकडाचा आंबूस वास. करवत चालवणाऱ्या मिस्त्रीचा गावात मान मोठा.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्याच गिरणीत हमाल होते. करवतीचं कौतुक निघालं की ते म्हणायचे, “करवत दोन मिनिटं काम करते रे. बाकीचा दिवस आम्हीच असतो.”

हे खरंच होतं. एक ओंडका गिरणीत आला की किती वेळा हलायचा ते मोजून बघा. गाडीतून खाली, तिथून आवारातल्या ढिगावर. पाळी आली की ढिगातून ओढून रुळांवरच्या ट्रॉलीवर. ट्रॉलीवर एक बाजू कापली की पहारीनं उलथून दुसऱ्या बाजूवर. मग निघालेल्या फळ्या उचलून कडा साफ करणाऱ्या छोट्या करवतीकडे, तिथून थप्पीवर. थप्पी सुकली की उतरवून गिऱ्हाइकाच्या गाडीत. कापणं तीन-चार वेळचं, उचलणं सात-आठ वेळचं. कापण्याला इंजिन होतं, पुढं वीज आली. उचलण्याला मात्र दोरखंड, वासे, पहारी आणि सहा माणसं.

पूर्वी हा फरक नव्हता. करवत्ये दोघे असत. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकानं वर उभं राहायचं, दुसऱ्यानं खड्ड्यात, आणि मोठी करवत वरखाली ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. तेव्हा कापणारा आणि उचलणारा सारखेच दमत. पट्टा करवतीचं पहिलं पेटंट इंग्लंडात १८०८ साली निघालं. न तुटता फिरत राहील असं पातं जमवायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. मग मात्र करवतीनं माणसाला फार मागं टाकलं. जी गिरणी दिवसाला दहापट लाकूड कापते तिला दहापट लाकूड कुणीतरी आणून द्यावं लागतं आणि कापलेलं उचलून न्यावंही लागतं.

यावर एकेका मुलखानं आपापलं उत्तर काढलं. ब्रह्मदेशात ते हत्ती होतं. मौलमीन आणि रंगूनच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात करवती वाफेवर चालत आणि ओंडके हत्ती रचत. हत्ती सुळ्यांवर ओंडका तोलायचा, वरून सोंडेनं धरायचा, थप्पीवर ठेवायचा आणि टोकं सारखी नसली तर कपाळानं ढकलून सारखी करायचा. गोरे प्रवासी मुद्दाम बघायला जात. कापायला वाफ, उचलायला हत्ती. म्हणजे जगातल्या पुढारलेल्या गिरण्यांतही उचलण्याचं काम जनावराच्याच अंगावर होतं.

या ब्रह्मी सागवानाचा आमच्या जिल्ह्याशी एक धागा आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली मुंबईत निघाली आणि ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात उतरली. १८८५ मध्ये थिबा राजाच्या दरबारानं तिच्यावर ठपका ठेवला की ओंडके नेले जास्त, महसूल भरला कमी. दंड सुमारे तेवीस लाख रुपयांचा. इंग्रजांना युद्धाला निमित्त हवंच होतं, फ्रेंच तिथं शिरतील ही भीती खरी. पण कागदावरचं निमित्त ओंडक्यांच्या मोजणीचं. नोव्हेंबरात मंडाले पडलं आणि पुढल्या वर्षी राजा रत्नागिरीत कैदी म्हणून आला. १९१६ मध्ये तो इथंच वारला. थिबा पॅलेस बघायला शाळेच्या सहली येतात, पण तिथं कुणी पोरांना लाकडाच्या मोजमापाची गोष्ट सांगत असेल असं वाटत नाही.

आता मोजमापाचाच विषय निघालाय तर आमच्या गिरणीतलं मोजमाप सांगतो. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळायची, घेर घ्यायचा. ती दोरी चार पदरी दुमडायची. जी लांबी येईल तिला तिनंच गुणायचं आणि ओंडक्याच्या लांबीनं पुन्हा गुणायचं. झाले घनफूट. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका असेल तर चौथाई घेर एक फूट, म्हणजे दहा घनफूट. १७३६ साली इंग्लंडात एडवर्ड हॉपस यानं असल्या हिशेबाचे तक्ते छापले आणि ही रीत त्याच्या नावानं ओळखली जाऊ लागली. आपल्याकडं सरकारी कागदांवर घनमीटर आले तरी बाजारात हीच रीत राहिली.

पण गोल ओंडक्याचं खरं आकारमान शाळेतल्या गणितानं काढा. ते येतं पावणेतेरा घनफुटांच्या जवळपास. व्यापारी सांगतात, गोल लाकूड चौकोनी करताना साल नि कडा वाया जाणार, त्याची ती सूट. व्यापाऱ्याच्या बाजूनं ते ठीकच. खरेदी करणारा नि विकणारा दोघांनाही रीत ठाऊक, कुणी कुणाला फसवत नाही. हमालाचं काय? त्याची मजुरी घनफुटावर, आणि घनफूट या दोरीचे. साल नि कडा वाया जाणार त्या करवतीपाशी. तिथवर त्या उचलून न्यायच्या त्यानंच.

हिशेब करू. ताजा तोडलेला ओला ऐन जवळपास पाण्याइतका भरतो, घनफुटाला साधारण २८ किलो. दोरीच्या मापानं तो ओंडका २८० किलोंचा. सहा जणांत वाटला तर माणशी ४७ किलो. खऱ्या मापानं तोच ओंडका ३६० किलोंच्या आसपास जातो, माणशी ६०. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये शिफारस केली होती की माणसाला एका वेळी ५५ किलोंपेक्षा जास्त ओझं उचलायला लावू नये. म्हणजे कागदावर आमचे तात्या त्या मर्यादेच्या आत होते आणि खांद्यावर बाहेर. त्यात सहाही जण सारख्या उंचीचे नसत. उंच माणसाकडं जास्त भार येतो. तात्या उंच होते. पन्नाशीतच त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. सदरा घालताना काकू मदत करायची.

१९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणाऱ्यांना त्यानं नोंदणी, भविष्य निर्वाह निधी, हक्काची मजुरी दिली. ती लहान गोष्ट नव्हे. आमच्या खाडीकाठी तो पोचला नाही. तात्यांकडं कसलंच कार्ड नव्हतं.

यंत्र म्हणावं असं त्यांच्याकडं काय होतं? एक युक्ती होती. ओंडका बैलगाडीवर चढवायचा तर दोन वासे तिरके लावायचे. दोराचं एक टोक गाडीला बांधायचं, दोर ओंडक्याच्या खालून फिरवून वर घ्यायचा आणि दुसरं टोक गाडीपलीकडं उभं राहून ओढायचं. ओंडका गडगडत वर चढतो. ओढणाऱ्याला निम्माच जोर लागतो, दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. कप्पीचंच तत्त्व, फक्त ओंडका स्वतःच कप्पी होतो. खाली उभं राहायचं नाही, हा एकच नियम, आणि तो तात्या नव्या पोराला पहिल्या दिवशी शिव्या देऊन शिकवत. पुढं चेन कप्पी आली. तीन वाशांची तिकटी उभी करून तिला ती टांगायची आणि साखळी ओढत राहायची. एकटा माणूस टनाचं ओझं उचलू शकतो, पण सावकाश. घाईच्या दिवसांत शेट म्हणायचे, “कप्पी राहू दे, हातानं घ्या.”

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड अफाट आणि मजूर महाग. तिथं उत्तर निघालं साखळीचं. तळ्यात तरंगणारे ओंडके काटेरी साखळी वर ओढून आणी. फळ्या फिरत्या रुळांवरून आपोआप पुढं जात. शेवटी त्या एका लांब सरकत्या साखळीवर पडत, तिला ‘ग्रीन चेन’ म्हणत. ग्रीन म्हणजे हिरवी नव्हे, ओल्या लाकडाची. आणि इथं येऊन यंत्र थांबायचं! साखळीच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी, सरकत्या ओल्या फळ्या ओढून जातवार, मापवार रचायला. साखळी कुणासाठी थांबत नसे. हे काम नव्याच्या, परक्याच्या वाट्याला यायचं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा कामावर पुष्कळ पंजाबी होते. ४ सप्टेंबर १९०७ ला बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावानं गिरण्यांतल्या या हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर काढलं. मजुरी पाडतात, हा राग. पुढं १९१३ मध्ये ऑरेगॉनातल्या अॅस्टोरियाला गदर चळवळीची जी बैठक झाली तिच्यात लाकूड गिरण्यांतले मजूर होते. चळवळीचे पहिले अध्यक्ष सोहनसिंग भकना स्वतः पोर्टलंडच्या गिरणीत राबलेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच लोकांत वावरले. तिथल्या गिरण्यांत पुढं फळ्या निवडणारी, रचणारी यंत्रं आली, फोर्कलिफ्ट आली. आमच्याकडं मात्र साखळीसुद्धा आली नाही. खांदा स्वस्त असताना साखळीला पैसे कोण घालणार?

आमची गिरण बदलली ती दुसऱ्याच कारणानं. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशानं जंगलतोडीवर आणि बिनपरवाना गिरण्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा लगाम आला. आमच्या गिरणीला परवाना होता, पण माल आटला. आंब्याच्या पेट्याही हळूहळू पुठ्ठ्याच्या झाल्या. बाजारात बाहेरचं लाकूड वाढलं. ब्रह्मदेशानं १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तरी न्यूझीलंडचा पाइन कांडल्याला जहाजं भरून येत राहिला. तिथं तो माणूस उचलत नाही, उचलूच शकत नाही. क्रेन, पंजावाले लोडर, ट्रेलर. परदेशी ओंडक्याबरोबर यंत्रंही आली. देशी ओंडक्याला ती कधी मिळाली नाहीत, याचं मला राहून राहून वाटतं.

आता आमच्याकडंही गाडी आली की तासाच्या भाड्यानं हायड्रा बोलावतात. दोन फास टाकले की ओंडका लोंबकळत ट्रॉलीवर. तात्या शेवटच्या वर्षांत काठी टेकत बघायला जायचे. ड्रायव्हर विशीतला पोरगा. फास नेमका कुठं टाकायचा, बुंध्याकडं किती सरकवून, हे तात्या त्याला लांबून हातानं दाखवत. डाव्या हातानं.

थप्पी अजून माणसंच लावतात. फळीवर बारीक पट्ट्या, पट्ट्यांवर फळी, सगळ्या पट्ट्या एकाखाली एक ओळंब्यात. एक पट्टी हलली तर वारा लागूनही फळी वाकडी सुकते. थप्पी डोक्याच्या वर गेली की एक जण खालून फळी देतो, दुसरा वर उभा राहून घेतो. दोघेही हल्ली झारखंडचे आहेत आणि मजुरी अजून घनफुटावर ठरते.